पदरावरची लाळ

मी काय काम करते हे मला आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. वन्यप्राण्यांच्या प्रयोगशाळेत आहे म्हटलं की समोरच्याचे डोळे चमकतात. वाघ असतात का तिथं? हात लावू देतात का? एका लग्नात तर एका मावशींनी माझा दंड धरून मला नवऱ्यामुलाच्या आईपुढे उभं केलं आणि सांगितलं, ही वाघांची डॉक्टरीण. अहो, कसली डॉक्टरीण! माझ्या वाट्याला वाघ येतो तो कागदी पाकिटातल्या केसाएवढा, नाहीतर कापसाच्या बोळ्यावर वाळलेल्या डागाएवढा. आणि खरं सांगायचं तर तेवढाच बरा. मी मूळची भित्री बाई आहे. अंगावर पाल पडली तर अर्धा दिवस माझं चित्त थाऱ्यावर नसतं.

आमची प्रयोगशाळा सोलापूरच्या कडेला, एका जुन्या इमारतीच्या मागच्या खोल्यांत आहे. पहिल्या खोलीत नमुने उघडायचे, दुसरीत त्यांतला डीएनए सुटा करायचा, तिसरीत मशीन. एका खोलीतून दुसरीत जाताना चपला बदलायच्या, एप्रन बदलायचा, हात धुवायचे. नळाला पाणी त्याच्या मर्जीने येतं, म्हणून हात धुवायला बॅरल भरून ठेवलेलं असतं. येतं काय काय म्हणाल, तर धाब्यावर पकडलेलं मटण येतं, ते हरणाचं की बोकडाचं ते सांगायचं. मोराची पिसं, साळिंदराचे काटे, आणि ताईतात मढवलेली वाघनखं, जी उघडून बघितली की बहुतेकदा प्लास्टिकची निघतात. मधूनमधून फॉरेस्ट गार्डांचं प्रशिक्षण असतं. नमुना कागदात ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, ओल धरते. केस घ्याल तो मुळासकट घ्या. हे मी इतक्या वेळा बोलले आहे की झोपेतसुद्धा बोलत असेन.

आमच्या मोठ्या मॅडम अक्कलकोटकडच्या. घरी कानडी, कामावर मराठी, आणि वैतागल्या की दोन्ही एकदम. त्यांचा एकच नियम होता आणि तो त्या चहा पितानाही सांगायच्या: सही झालेला अहवाल बाहेर जाईपर्यंत इथलं अक्षर बाहेर जाता कामा नये. आईला नाही, नवऱ्याला नाही, देवाला सांगायचं तर मनातल्या मनात सांगा. नियम चांगलाच होता. आमच्या अर्ध्याकच्च्या शब्दावर कुणी तुरुंगात जाऊ शकतो, कुणी शेत पेटवून देऊ शकतं, हे मला कळत होतं. मला नवरा नाही आणि आई माळशिरसकडे, ऊसपट्ट्यात. त्यामुळे नियम पाळायला मला कधी जड गेलं नव्हतं.

आईचं सांगायला हवं. वडील गेल्यावर आई वस्तीवर एकटी राहते. भाऊ पुण्यात कंपनीत, मी इथं. आम्ही दोघांनी तिला आपापल्याकडे न्यायचा जंग जंग प्रयत्न केला, पण तिचं उत्तर ठरलेलं: म्हशीला लिफ्टमधनं न्यायचं का जिन्यानं ते सांगा, मग येते. दोन म्हशी, शेळी, आणि घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस. लहानपणी त्याच उसात आम्ही लपाछपी खेळायचो.

गेल्या हिवाळ्यात त्या भागात बिबट्या आला. आधी कुत्री जायला लागली, मग शेळ्या. मग एक दिवस भरदुपारी, बांधावर गवत कापत बसलेली बाई गेली. आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावरची. मी तिला काकी म्हणायचे. शाळेतून येताना तिच्या दारात थांबून पाणी प्यायचे, आणि ती पाणी देताना हमखास म्हणायची, किती वाळलीस गं, आई जेवायला घालती का न्हाय. आई फोनवर हे सगळं सांगत होती तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ होता, आणि त्या सरळपणाचीच मला जास्त भीती वाटली.

काकीच्या अंगावरच्या लुगड्याचा पदर आमच्याकडे आला. पाकिटावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. पण नंबराने काय होतंय, त्या दिवसांत बाई एकच गेली होती. हिरवा पदर, आणि ज्या ठिकाणी जनावराने धरून ओढलं तिथं कापड ताठ झालेलं. मी बोळा ओला करून त्या ताठ जागेवरून फिरवला. झालेल्या जागेवरूनच मी तो पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. मॅडमनी ते बघितलं आणि विचारलं, तुझ्या गावाकडचं का? मी म्हटलं, तालुका तोच. जास्त बोलले नाही, कारण जास्त बोलले असते तर त्यांनी ते काम माझ्याकडून काढून घेतलं असतं, आणि मला ते दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नव्हतं.

त्याच सुमाराला फॉरेस्टवाल्यांनी लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला. आईने व्हिडिओ कॉल केला. पिंजऱ्याभोवती ही गर्दी, कुणी गुलाल उधळतोय, कुणी पिंजऱ्याला पाठ लावून फोटो काढतोय. "गावलं बघ येकदाचं," आई म्हणाली. "आता जरा मोकळं हिंडता यील. म्हशी उपाशी ठिवायची पाळी आल्ती." इतके दिवस वस्तीवरच्या बायका घोळक्याने, डबे बडवत वैरण आणायला जायच्या, ते त्या दिवसापासून बंद झालं. गस्तीची गाडीही बंद झाली. जनावर लांबच्या एका केंद्रात नेऊन ठेवलं. मीसुद्धा त्या दिवशी पोटभर जेवले.

पिंजऱ्याच्या गजाला अडकलेला केस गार्डाने आमच्याकडे पाठवला. म्हणजे पदरावरची लाळ आणि पिंजऱ्यातला केस जुळवून बघायचे, जुळले की विषय संपला. पाकीट उघडलं तर मला त्याचं कौतुकच वाटलं. कागदी पाकीट, केस मुळासकट, तारीख, सही, सगळं मी शिकवलं होतं अगदी तसंच.

केस आणि लाळ जुळली नाही. नुसती जुळली नाही असं नाही. पदरावरची लाळ मादीची निघाली आणि पिंजऱ्यातला केस नराचा. मी आकडे पुन्हा बघितले. मशीनला दोष द्यावा म्हणून मशीनकडे बघितलं. मग मॅडमना बोलावलं. त्या खुर्ची ओढून बसल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, गार्डला फोन लाव, पिंजऱ्यातलं जनावर नर होतं का मादी विचार.

"मादीच हाय की मॅडम," गार्ड म्हणाला. "डॉक्टरांनी सोत्ता बघितलंय."

"मग हा केस कुणाचा?"

त्याने बाजूच्या कुणाला तरी काही विचारलं. मग म्हणाला, "मॅडम, पिंजरा तर फिरता हाय. आमच्याकडं यायच्या आदी दुसऱ्या तालुक्यात हुता. तितं एक नर गावल्ता." आणि मग हळूच, "धुवायचा ऱ्हायला असंल."

पिंजरा न धुता आला होता. एका गावाहून दुसऱ्या गावाला, टेम्पोत घालून, जुन्या पाहुण्याच्या केसांसकट. त्या गार्ड पोराने केस नीट घेतला, नीट ठेवला, नीट पाठवला, फक्त तो भलत्याच बिबट्याचा होता. दुसऱ्या वेळी मी हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही, कारण त्याचा अर्थ एवढाच होता की पकडलेली मादी हीच काकीला नेणारी आहे का, हे आम्हाला ठाऊक नाही. असेल. नसेलही. आणि तिकडे सगळा गाव असल्यासारखा वागत होता.

मॅडमनी त्या केंद्रातून मादीचं रक्त मागवलं. ते दुसऱ्या दिवशी येणार होतं. मी म्हटलं, मॅडम, तोवर गावाला सांगायला नको? लोक उसात जायला लागलेत. त्यांनी मान हलवली. "काय सांगणार तू? कदाचित नाही, असं? कदाचित हीच असेल तर? मग उद्या तुझा-माझा शब्द कोण खरा मानेल?" त्यांनी संबंधित ऑफिसला कळवलं की नमुना ग्राह्य नाही, दुसरा मागवला आहे, खबरदारी चालू ठेवावी. ऑफिसातल्या त्या वाक्याचा वस्तीवर पोहोचेपर्यंत काय होतं ते मला माहीत आहे. पोहोचतच नाही.

त्या रात्री मी आईला फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलत बसले. दार नीट लावलंस का. लावलं. म्हशी आत आहेत का. हायत की. शेळी? तिला चिडल्यासारखं झालं. "तुला काय झालंय? गावलं न्हाय का ते जनावर?" मी म्हटलं, सहज विचारलं. आमच्या गल्लीत मागच्या बाजूला यंत्रमाग चालतो, त्याच्या खडखडाटाची मला इतक्या वर्षांत सवय झाली आहे. त्या दिवशी मात्र तो बंद पडला तेव्हा दचकून मी उठून बसले.

रक्त सकाळी आलं. बर्फाच्या डब्यात, छोट्या नळीत. डीएनए सुटा करायचा, त्याच्या प्रती वाढवायच्या, मग तो दुसऱ्या मशीनवर चालवायचा. कितीही घाई करा, दिवस जातोच. ह्या कामाला घाईचं काही कळत नाही. भात शिजायला जितका वेळ लागतो तितका लागतो, तसंच हे. मी जेवले नाही. डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी तशीच राहिली. मॅडमनी एकदा येऊन विचारलं, किती झालं? मी म्हटलं, संध्याकाळ होईल.

दुपार कलली तसा आईचा फोन आला. रोज ती अशीच करते, म्हशींच्या वैरणीला निघायच्या आधी. मी बाहेर व्हरांड्यात गेले.

"येरवाळी, दिवस हाय तवर वाडं आणून ठिवावं म्हनलं," ती म्हणाली. वाडं म्हणजे उसाचे शेंडे, म्हशींचा चारा. "खालच्या रानात तोड चाललीय, टोळीवाल्यास्नी मागितलं की देत्यात."

"आज जाऊ नकोस, आई."

"का?"

"असंच. मला वाईट स्वप्न पडलं."

ती हसली. "तू लई शिकलीस की गं! सपनाला भ्यायला लागलीस. अगं, म्हशी काय सपनं खात्यात व्हय?"

मी दुसरं निमित्त शोधलं. पाठ दुखत असेल तुझी, म्हटलं. न्हाय दुकत. शेजारच्या वहिनींना घेऊन जा. ती माहेरी गेलीय. ऊन आहे. हिवाळ्यात कसलं ऊन? मी बोलत होते आणि खालच्या रानाचा बांध माझ्या डोळ्यांसमोर होता, दोन्ही बाजूंना उभा ऊस, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. नियमाची आठवण होती. नव्हती असं मी म्हणणार नाही. पण आई पायात चपला घालतेय हे मला फोनवरही ऐकू येत होतं.

"आई, ऐक," मी म्हटलं. "ते पकडलेलं जनावर काकीला नेणारं नसेल कदाचित. आमच्याकडे तपासणी चाललीय. दुसरं असेल तर ते अजून तिथंच आहे. कुणाला सांगू नकोस, पण तू घराबाहेर पडू नकोस. दार लाव आणि बस."

चपलांचा आवाज थांबला. मला वाटलं घाबरली. बरं झालं, घाबरू दे, घरात राहील.

"तू बघितलंस?" तिने विचारलं.

"मीच बघतेय."

"मग टोळीचं काय?"

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "अगं, खालच्या रानात टोळी उतरलीय, बीडकडची मानसं. उसाच्या कडंलाच कोप्या हायत त्यांच्या. कापडाच्या. बाया उसात, आन लेकरं कोपीपुढं वाकळंवर टाकल्याली. त्यास्नी कोन सांगनार?"

"आई, मी फॉरेस्टवाल्यांना..."

"ती कवा येनार? ती येस्तवर दिवस बुडंल." आणि मग, मला नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखी, "बॅटरी कुटं ठिवली." फोन बंद झाला.

मी परत लावला. वाजला, वाजत राहिला. परत लावला. ती घराबाहेर पडताना फोन चार्जिंगला लावून ठेवते, हरवेल म्हणून. तो फोन आता त्या रिकाम्या घरात, खिडकीशी, माझ्या नावाने वाजत असणार. तिला घरात ठेवायला मी बोलले होते आणि माझ्याच बोलण्याने ती उसात गेली होती, म्हशींसाठी थांबली असती त्याहून जास्त वेळ थांबायला. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. समोर बोरीच्या झाडाखाली चिमण्या कलकलत होत्या आणि त्यांच्यावर मला भयंकर राग आला.

मॅडम दारात आल्या. मी सगळं सांगून टाकलं. काकी कोण होती, आई कुठे राहते, मी आत्ता काय केलं, सगळं. मला वाटलं आता मला बाहेरचा रस्ता दाखवतात. त्यांनी चष्मा काढला. "अय्यो शिवने," एवढंच म्हणाल्या, आणि आत जाऊन स्वतःच्या फोनवरून तिथल्या फॉरेस्टच्या साहेबांना फोन लावला. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "अहवाल उद्या सहीनिशी देते, साहेब. गाडी आत्ता पाठवा. चुकलं तर माझ्या नावावर घाला." साहेब काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. गाडी दुसऱ्या टोकाला आहे, वेळ लागेल, असं काहीतरी असावं, कारण मॅडमनी फोन टेबलावर आपटला.

मग आम्ही दोघी मशीनसमोर बसलो. दुसरं करायचं काय होतं? मला वाटत होतं बस पकडून जावं, पण पोहोचणार कधी. मशीनचा पंखा घूं घूं करत होता. मी टेबल पुसलं. पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. देवाचं नाव घ्यायला गेले तर पुढचं काही आठवेना. आईची चाल डोळ्यांसमोर येत होती, डाव्या गुडघ्यावर जरा कलती. पळायची वेळ आली तर ती पळू शकत नाही. बिबट्या वाकलेल्या माणसाला धरतो, गवत कापणाऱ्याला, वाडं गोळा करणाऱ्याला, हे मीच गार्डांना सांगत असते, पडद्यावर चित्रं दाखवून. आई, वाकू नकोस, एवढंच मी मनात म्हणत होते. बाकी काही नाही. वाकू नकोस. सरळ चाल.

बाहेर दिवे लागले. पडद्यावर रेषा उमटायला लागल्या. मॅडमनी पदराच्या लाळेचा नकाशा शेजारी लावला; रेषांची उंच टोकं, म्हणजे शिखरं, सगळी जुळली तरच जनावर तेच. पहिलं शिखर जुळलं आणि माझा श्वास सुटला. दुसरं नाही. तिसरं नाही. मग मी बघायचं सोडलं. पकडलेली मादी ती नव्हतीच. बिचारी कुठली तरी, पिंजऱ्यात बांधलेल्या बकऱ्याच्या वासाने आत शिरलेली. काकीला नेणारी अजून उसातच होती, आणि माझी आईही.

मॅडमनी पुन्हा फोन लावला. मी आईचा नंबर लावत राहिले. कितव्यांदा तरी तो उचलला गेला.

"हं," आई म्हणाली. मागे इतका गोंगाट होता की तिचा आवाज बुडत होता. पोरं रडत होती, कुणी ओरडत होतं, भांडी वाजत होती.

मला रडू कोसळलं.

"रडतीस काय? आले की घरी. समदी आणलीत. मुकादम ऐकंना, म्हनला ह्ये कसलं याड, गावला की वाग. मी म्हनलं, माझी लेक त्याच कामाला हाय, तिनं सांगितलंय. मग बाया उठल्या. लेकरं काखंत मारून आलो ताट बडवत. सामानसुमान तितंच ऱ्हायलं." ती धापा टाकत होती. "म्हशी पडवीत बांदल्या आन मानसं घरात घातलीत. पाय ठिवायला जागा न्हाय."

"तू बरी आहेस ना?"

"मी बरी हाय." मग तिचा आवाज हळू झाला, कुणाला ऐकू जाऊ नये असा. "तू मला येकटीलाच सांगनार हुतीस व्हय गं?"

तिने उत्तराची वाट बघितली नाही. कुणाचं तरी पोर रडत होतं, त्याला दूध गरम करायला ती उठली.

गाडी नंतर आली, आणि रात्रभर दारात उभी राहिली. सकाळी गार्ड आणि टोळीतले दोघे कोप्यांकडे गेले. टोळीचं कुत्रं रात्री पोरांमागे आलं नव्हतं, सामानाशी राहिलं होतं. ते तिथं नव्हतं. एका कोपीचं कापड फाटलेलं, ओढत नेल्याच्या खुणा उसात गेलेल्या, आणि कोपीपुढे एक वाकळ चुरगळलेली. गार्डाने ती कागदात बांधून आमच्याकडे पाठवली.

वाकळ मी उघडली. जुन्या लुगड्यांची, हाताने टाके घातलेली, लहान. धुराचा वास होता, आणि तान्ह्या मुलाच्या अंगाचा. एका काठाला रक्त होतं. ते कुत्र्याचं निघालं. मला वाटलं, संपलं, कुत्रं तिथंच धरलं. पण नियम असा की सगळा कपडा बघायचा. मी दिव्याखाली वाकळ पसरली आणि मधोमध, जिथं टाके सगळ्यात मऊ झाले होते, तिथं एक ताठ डाग सापडला. रक्ताचा नव्हता. तो लाळेचा होता. तपासला. काकीच्या पदरावर होती तीच मादी.

आता हे मी समजावून सांगते, कारण मलाही समजायला जरा वेळ लागला. कुत्रं काठाशी धरलं गेलं. वाकळीच्या मधोमध कुत्र्याला कोणी झोपू देत नाही. तिथं मूल झोपतं. म्हणजे ती आधी तिथं आली होती, वाकळीच्या ऐन मध्यावर तोंड घालून तिने हुंगलं होतं, चाटलं होतं. तिथं ऊब असेल, दुधाचा वास असेल. मूल नव्हतं. मग तिने कुत्रं धरलं. मी हातमोजे काढले, तिन्ही खोल्या ओलांडून बाहेर आले आणि बॅरलजवळ ओकले.

ती मादी अजून सापडलेली नाही. गस्त पुन्हा चालू झाली आहे, घोळके आणि डबेही. पिंजरे आता धुऊन येतात, कारण मॅडमनी त्यासाठी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. मला त्यांनी त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारला नाही. आणि मी रोज संध्याकाळी फोन करते, आई उचलेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. हे आता असंच राहणार.

टोळी थोडे दिवस आईकडे राहून पुन्हा रानाकडे जायचं म्हणत होती, मुकादमाची घाई. त्याच सुमाराला आईने मला विचारलं, "अगं, त्या बाईची वाकळ तुज्याकडं आलीय म्हनं. परत कवा मिळंल? तिच्या पोराला दुसऱ्या कशात झोप लागंना. रातभर किरकिर करतंय."

"ती आता मिळायची नाही, आई. सीलबंद झाली. आणि मधला तुकडा मला कापावा लागला."

"मदला? रगत तर काठाला हुतं म्हनली ती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय निगालं त्यात?"

"ते सांगता येत नाही. नियम आहे."

मागे ते मूल किरकिरत होतं, आणि त्याची आई त्याला काहीतरी गुणगुणत होती. आई तिच्याकडे बघत असणार.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "मग त्यास्नी हितंच निजू दे, ऊस संपंस्तवर."